विलासच्या रक्तातली काळी मिरी

पुण्याहून आल्यापासून वर्ध्यात जो भेटतो तो विचारतो, "मग, काय काय पाहिलं?" मी सांगते की पुण्यात रस्ता विचारला तर माणसं अचूक सांगतात, पण अशा सुरात सांगतात की पुन्हा कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. मला तेच हवं असतं. पण आपल्याकडच्या घराघरांत हल्ली मिरी-हळदीच्या डब्या दिसायला लागल्या आहेत, त्यामुळे या प्रवासात खरं काय झालं ते लिहून ठेवणं भाग आहे.

माझा धाकटा भाऊ विलास वाघोलीला राहतो. ऐन पंचविशीत पुण्याला गेला, नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मशीनवर लागला आणि तिथलाच झाला. बायको मंगला आमच्याकडचीच, आर्वीची. मुलगी अस्मिता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी मंगलाचा फोन आला.

"ताई, तुमचा भाऊ प्याले लागला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विलासने दारूला कधी हात लावलेला नाही. तो फार सोवळा आहे म्हणून नव्हे. शाळेत असताना त्याला फिट यायला लागल्या. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी चुकवायची नाही, जागरण करायचं नाही आणि दारूच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. विलासने ते पाळलं. लग्नानंतर त्याला एकही फिट आली नव्हती. ही गोष्ट आम्ही घरचे आणि मंगला-अस्मिता सोडून कुणालाच माहीत नव्हती.

त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर अस्मिताने एक व्हिडिओ टाकला. विलास इमारतीचा जिना चढतोय, पाय फाकलेले, कठड्याला धरून हेलकावे खातोय, जड जिभेने काहीतरी पुटपुटतोय. खाली एका चुलत पुतण्याने हसणारा चेहरा टाकला होता. काकांनी एकच शब्द लिहिला होता, "लाज."

मी निवृत्त माणूस. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, आता अडवणारं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली.

वाघोली

गाडीने सकाळी नगर रस्त्यावर उतरवलं तेव्हा मला क्षणभर आपण आपल्याकडेच आहोत असं वाटलं. चहाच्या टपरीवर दोघं जण "काऊन बे" करत भांडत होते. एक यवतमाळचा, एक पुसदचा. वाघोलीत निम्मी माणसं अशी इकडून तिकडे गेलेली. कारखान्यातली, कंपन्यांतली, कॉलेजातली. पण मान वर केली की बारा-बारा मजली इमारती, त्यांच्यावर विलायती नावं, आणि त्यांच्या दारात पाण्याच्या टँकरची रांग.

दोन सोसायट्यांची नावं एका अक्षराच्या फरकाची निघाली. मी पिशव्या घेऊन भलत्याच इमारतीत तिसरा मजला चढले आणि बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खाली पाटी लावलीय. मराठीतच आहे." दार बंद. आपल्याकडे आधी पाणी दिलं असतं, मग चुकल्याचं सांगितलं असतं.

बरोबर इमारतीत विलासनेच दार उघडलं. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ताई, मला दोन ताया दिसताहेत. खरी कुठली?"

गंमत म्हणून म्हणाला असं मला वाटलं. पण तो बाजूला बघायचा तेव्हा त्याची बुबुळं थरथरत होती, झटके खात परत जागेवर येत होती. शब्द एकमेकांत अडकत होते. खुर्चीकडे जाताना त्याने भिंत धरली. दारूचा वास मात्र कुठेच नव्हता.

मंगला मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "शिफ्टवर असे डुलत गेले, ताई. सुपरवायझरनं बाहेर काढलं. पिऊन आला म्हणून रिपोर्ट केला. आता घरी बसवलंय, निकाल लागायचा हाय."

"फुंकायच्या यंत्राने तपासलं का?"

"ते बिघडलं होतं म्हणे. चाल पाहूनच समजते, म्हणाले."

"डॉक्टर?"

"खालच्या डॉक्टरकडे नेलं होतं. म्या आधीच सांगून टाकलं, पितात म्हणून. त्यानं लिव्हरची बाटली देली आन् भाषण देलं."

मी बाहेर आले. विलास खिडकीशी बसला होता. त्याला आतलं सगळं ऐकू आलं होतं.

"ती माझं तोंड हुंगते, ताई," तो सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला. "मी झोपलोय असं समजून. रोज. आधी ती, मग पोरगी."

"तू सांगितलं नाहीस, पीत नाही म्हणून?"

"सांगितलं. असं सांगितलं." त्याने आपल्या जड जिभेकडे बोट दाखवलं. "कोण विश्वास ठेवणार?"

रात्रीचं जेवण आपल्याकडचं होतं. वांग्याची भाजी, वर तेलाचा तवंग, काळ्या मसाल्याचा ठसका. जेवण झाल्यावर मंगलाने त्याच्यापुढे गरम दूध ठेवलं. पिवळंधमक, वर भरडलेल्या मिऱ्यांचा थर. सोबत एक जाडजूड कॅप्सूल. विलासने गुमान गिळली.

"हे काय?"

"गुडघ्यासाठी. उभं राहून राहून गुडघे गेले यांचे. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, बुधवार पेठेत मिळते. दोन महिने झाले, सकाळी एक, रात्री एक. दूध मी माझ्या मनानं देते." तिचा चेहरा पहिल्यांदा थोडा उजळला. "त्यानं गुडघा उतरला, बरं का. इतकी काळजी घेते मी, आन् हा माणूस बाहेर जाऊन..."

मी डबी मागितली. हळदीचा अर्क, काळ्या मिरीचा अर्क. कंसात लिहिलं होतं, पिपरीन.

हे नाव मला चांगलं माहीत आहे. बारावीच्या हुशार मुलांकडून मी दरवर्षी हौसेने एक प्रयोग करून घ्यायचे. मिऱ्यांची भुकटी स्पिरिटमध्ये उकळायची, गाळायची, त्यात अल्कोहोलमधला पोटॅश घालून अर्क ठेवून द्यायचा. काही वेळाने तळाशी फिकट पिवळ्या सुया जमतात. तेच पिपरीन. मिरीचा तिखटपणा त्याचा. जिभेवर कण ठेवला तर आधी काहीच लागत नाही, मुलं म्हणायची, "मॅडम, हे तर बेचव आहे," आणि मग एकदम नळाकडे धावायची. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. तुपात, दुधाच्या सायीत, दारूत विरघळतं. चटका बसतो तोही खरा नसतो. जिभेवरच्या ज्या नसा गरम वस्तू ओळखतात त्यांनाच ते चेतवतं, आणि मेंदूला वाटतं, भाजलं.

पण त्या डबीकडे बघताना मला प्रयोग आठवला नाही. मला आठवलं ते या पिपरीनचं दुसरं काम. आपल्या आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात काही विकरं असतात. बाहेरून आलेला पदार्थ, औषधसुद्धा, ती मोडून टाकतात. आतड्याच्या पेशी काही औषधं आल्या वाटेने परत बाहेरही ढकलतात. पिपरीन या दोन्ही कामांना खीळ घालतं. हळदीतला पिवळा पदार्थ एरवी अंगी लागतच नाही, म्हणून त्याच्यासोबत मिरी देतात, ती याचसाठी. पण पिपरीनला हळद कुठली आणि फिटची गोळी कुठली हे कळत नाही. जे पोटात असेल ते रक्तात जास्त जाऊ देतं आणि जास्त वेळ राहू देतं.

विलास सकाळ-संध्याकाळ फेनिटॉइन ही फिटची गोळी घेत होता. आणि दोन महिने त्याच्यावर मिरीचा अर्क.

इस्पितळ

मेंदूविकाराच्या डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी विलासच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. तो दुसऱ्याच पावलाला माझ्या अंगावर आला.

"दारू?"

"मी पीत नाही," विलास चिडून म्हणाला.

"मी विचारलं. आरोप नाही केला. बसा."

मी डबी पुढे केली. त्यांनी चष्मा वर करून वाचली, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही डॉक्टर?"

"नाही. रसायन शिकवत होते."

"बरं झालं, कुणीतरी डबी वाचली."

रक्त घेतलं. दुपारनंतर अहवाल आला. औषधाचं प्रमाण जितकं असायला हवं त्याच्या खूप वर गेलं होतं. डॉक्टरांनी मंगलाला आणि मला आत बोलावलं. त्या म्हणाल्या की हे औषध मोठं विचित्र आहे. यकृताची ते मोडायची ताकद तोकडी, त्यामुळे जरासं जास्त झालं की रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं. माणूस डुलतो, बरळतो, दोन-दोन दिसतं. थेट दारू प्यायल्यासारखा. "फक्त मिरीनेच झालं असं मी छातीठोकपणे लिहून देणार नाही. पण दोन महिन्यांत दुसरं काहीच बदललेलं नाही, आणि मिरी या औषधाचं प्रमाण वाढवते हे माहीत असलेलं आहे."

मंगलाचा आवाज बारीक झाला. "म्हणजे म्या त्यायले विष देलं?"

"विष नाही. स्वयंपाकातली मिरी कुणी बंद करा म्हणत नाही. पण हा अर्क आहे. चिमूटभर मिरीत पिपरीन किती? इथे ते वेचून, दाबून भरलंय. आणि वर दुधात आणखी. रोज. मला कुणी विचारलं नाही."

"मिरीसाठी डॉक्टरला कोन इचारते, मॅडम?"

डॉक्टरांनी केसपेपर ओढून लिहायला घेतलं. गोळी एकदम बंद केली तर फिट येते, म्हणून विलासला त्यांनी नजरेखाली ठेवून घेतलं. गोळी किती आणि कधी, ते आता त्याच ठरवणार होत्या. कॅप्सूल मात्र त्यांनी टेबलाखालच्या टोपलीत टाकल्या.

बाहेर बाकावर मंगला पदर तोंडाला लावून बसली. थोड्या वेळाने उठून विलासच्या खाटेपाशी गेली. "अहो, मले वाटलं..." एवढंच म्हणाली. विलासने भिंतीकडे कूस बदलली. त्या घडीपासून मी पुण्यात होते तोवर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

बुधवार पेठ, मंडई

विलासजवळ मंगला बसायची. तो बोलत नव्हता, पण ती हटतही नव्हती. मला दिवस मोकळा. मी रिकाम्या डबीवरचा दुकानाचा पत्ता घेऊन बुधवार पेठेत गेले. पुस्तकांची दुकानं, वायरींची वेटोळी, रेडिओचे सुटे भाग, मधूनच हारवाले. माणसं एकमेकांना धक्का देतात आणि तुम्हीच आडवे आलात अशा नजरेने बघतात.

काष्ठौषधींचं दुकान अरुंद आणि खोल होतं. आत शिरलं की सुंठीचा वास आधी येत होता, मालक नंतर दिसत होते. गोरे, कृश, पांढरा सदरा. बाहेर पाटी होती, की ते वैद्यही आहेत. मी झालेलं सगळं सांगितलं.

"अहो बाई," ते शांतपणे म्हणाले, "ती मिरी आहे. सुतळी बॉम्ब नव्हे."

"माझा भाऊ इस्पितळात आहे."

त्यांनी तराजू खाली ठेवला. बसायला स्टूल दिलं. मग जे सांगितलं ते मात्र मन लावून सांगितलं. आयुर्वेदात सुंठ, मिरी, पिंपळी यांचं त्रिकटू. भूक लागत नाही, कफ दाटलाय, अन्न पचत नाही, तर मिरी चालते. मधात, तुपात. तिच्या अंगी आणखी एक गुण सांगतात, बरोबरच्या औषधाला पुढे नेण्याचा. "तुमचं शास्त्र आता सांगतंय. आमच्याकडे औषधाला अनुपान म्हणून मिरी कशाला देतात, ते जुन्यांना माहीत होतं. म्हणून तर देताना नाडी बघायची, दुसरं काय चालू आहे ते विचारायचं."

"मग ही डबी देताना तुम्ही विचारता का?"

"ही मी बनवत नाही. कंपनीची येते."

"देता तुम्हीच."

त्यांनी गल्ल्यावरची धूळ हाताने पुसली. "प्रत्येकाला विचारत बसलो तर संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइकं होतील. आणि ती दोघंही म्हणतील, तुम्हाला काय करायचंय."

तेवढ्यात टोपी घातलेले एक गृहस्थ आले आणि तीच डबी मागितली. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग हात वर करून फळीवरची डबी काढली. मला राहवलं नाही. "आपल्याला कसली गोळी चालू आहे का? रक्तदाबाची, फिटची?"

गृहस्थांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आपण कोण?"

"कुणी नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि डबी पिशवीत टाकून निघून गेले. मालकांनी तराजू पुन्हा हातात घेतला. मी उठले.

तिथून पायी मंडईत आले. लोक मंडईचा घुमट बघायला येतात. मी बाहेरच्या बाजूला मसाल्याचं पोतं घेऊन बसलेल्या बाईपाशी उगीच थांबले. एक मिरी उचलून चावली. गंमत म्हणजे काळा दाणा मुळात काळा नसतो. वेलीवर हिरवे घोस असतात, द्राक्षांसारखे. ते तोडून गरम पाण्यातून काढतात, उन्हात टाकतात, आणि कापलेलं सफरचंद तांबूस पडतं तशी त्यांची साल काळी पडते, सुरकुतते. साल काढली तर तीच पांढरी मिरी. तिखटपणा एका रसायनाचा, वास निराळ्याच उडून जाणाऱ्या तेलांचा. म्हणून कुटून ठेवलेल्या मिरीचा वास जातो, तिखटपणा राहतो. हे मी कितीदा फळ्यावर लिहिलं असेल. मुलं उतरवून घ्यायची, मार्क मिळवायची. त्या दिवशी मला ते सगळं फार पोकळ वाटलं.

"घ्यायची का नुसती खायची?" बाईंनी विचारलं.

मी पुढे निघाले. जवळच्या खानावळीत ताट घेतलं. आमटीत गूळ, भाजीत गूळ, आणि कोशिंबिरीतही साखर सापडली. आमच्या वर्ध्यात वरणात कुणी गूळ घातला तर घरात कोण आजारी आहे विचारतील. वाढप्याला म्हटलं, काही तिखट मिळेल का? त्याने मिठाशेजारची मिरपूड पुढे सरकवली. मी ताट अर्धं टाकून उठले. बाहेर पडताना गल्ल्यावरचे म्हणाले, "अन्न टाकायचं नसतं. पुण्यात तरी नाही."

फाटक

विलासची नजर दोन-तीन दिवसांत स्थिर झाली. एका सकाळी मी गेले तेव्हा तो वॉर्डाच्या बोळातून सरळ चालत येत होता, हात न धरता. नर्सने टाळ्या वाजवल्या. मंगला बाकावर बसून रडली. बोलणंही स्वच्छ झालं होतं. त्या स्वच्छ आवाजात तो मला पहिलं वाक्य म्हणाला ते असं, "ताई, आता कारखान्यात जायचं."

डॉक्टरांनी दाखला दिला. दारूचा संबंध नाही, चालू औषधाचं प्रमाण वाढल्याने ही लक्षणं, असं त्यावर लिहिलं होतं. घरी सोडल्यावर आम्ही दोघं रिक्षाने निघालो. फाटकासमोर उतरल्यावर मात्र विलास रस्त्याच्या कडेलाच थांबला.

"हा कागद दिला की ते विचारतील, कुठलं औषध."

"हो."

"फिटचं म्हटलं की मशीन संपली, ताई. इथे ते माहीत नाही. नोकरीला लागताना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर उभं केलं नसतं." मालवाहू गाड्या आमच्या अंगावर धूळ उडवत जात होत्या. "आणि नाही दिला तर मी दारुडा. दारुड्यांना घेतात परत. माफीनामा लिहून घेतात आणि चार-सहा महिन्यांनी घेतात. आमच्या लाइनवर असे दोघं आहेत."

"मग थांब. आज नको देऊस. विचार कर."

"केला. इस्पितळात तेवढंच केलं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी दारू प्यायलो नाही. इतकी वर्षं नाही प्यायलो. लग्नात नाही, पोरगी झाली तेव्हा नाही. आणि आता आयुष्यभर दारुडा म्हणून मशीन चालवू?"

आत साहेब तरुण होते, फार नम्र. खुर्ची दिली, पाणी मागवलं. दाखला दोनदा वाचला. "सर, हे औषध कशासाठी?"

"मला फिट यायच्या. आता येत नाहीत. वीस वर्षांवर झाली, एकही आली नाही."

"तुम्ही हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतंत."

"सांगितलं असतं तर घेतलं असतं?"

साहेबांनी प्रामाणिकपणे मान हलवली. "नाही." मग म्हणाले, "दारूचा ठपका आम्ही काढतो. त्याबद्दल सॉरी. पण मशीनवर तुम्हाला आता उभं नाही करता येणार. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"दुसरं काम? स्टोअरला, पॅकिंगला?"

"बघतो. कळवतो." हे शब्द कुठल्या शहरात कसे म्हणतात ते सांगायची गरज नाही. त्यांचा अर्थ सगळीकडे एकच.

"मी प्यायलो नव्हतो, एवढं मात्र कागदावर लिहून द्या," विलास म्हणाला. त्यांनी दिलं. शिक्का मारून दिलं. तो कागद त्याने शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवला. बाहेर आल्यावर त्याने मागे वळून पाहिलं नाही. मीच पाहिलं. शिफ्ट बदलत होती आणि त्याच्याच वयाची माणसं डबे घेऊन आत जात होती.

पुन्हा वाघोली

घरी येऊन विलासने पहिलं काम केलं ते म्हणजे त्या कागदाचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. सोबत डॉक्टरांचा दाखला. खाली लिहिलं, "मी दारू पीत नव्हतो. फिटच्या गोळीवर मिरीचा अर्क घेतल्याने असं झालं. सर्वांच्या माहितीसाठी."

अस्मिता कॉलेजातून आली ती दारातूनच ओरडत. "बाबा, व्हाय? सिरियसली, व्हाय? फिटचं कशाला लिहिलं? आता सगळ्या नातेवाइकांना माहीत झालं. माझा विचार केला का कुणी? उद्या माझ्या लग्नाच्या वेळी हेच विचारणार सगळे!"

"व्हिडिओ टाकलास तेव्हा विचार केला होतास?"

"मला वाटलं तुम्ही पिताय! मी घाबरले होते. आईपण रोज रडत होती. कुणीतरी येऊन तुम्हाला समजवावं म्हणून टाकला."

"जिना चढताना मी तुला काय म्हणत होतो ते ऐकलंस का?"

तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"पाणी दे म्हणत होतो."

अस्मिता आत गेली आणि दार लावून घेतलं. ग्रुपवर पुतण्याने दोन्ही हात जोडलेलं चित्र टाकलं. बाकी कुणी काही लिहिलं नाही. शेवटी काकांचं आलं, "आनंद आहे. पण पोरगी लग्नाची असताना असे कागद चारचौघांत टाकू नयेत." विलासने वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला.

मंगला मला म्हणाली, "तुम्ही तरी मले शिव्या द्या ना, ताई. कोनीतरी द्या." मला देता आल्या नाहीत. तिने त्याचा गुडघा बरा व्हावा म्हणून दूध उकळलं होतं, साय काढून न टाकता, कारण सायीसकट मिरी जास्त लागू पडते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंही होतं. आणि मग तिनेच त्याच्या तोंडाशी नाक नेलं होतं. पहिल्याबद्दल विलासला राग नव्हता. दुसरं तो विसरेल असं मला वाटत नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी निघाले. आमची गाडी नगर रस्त्यावरच थांबते. विलास आणि मंगला दोघंही सोडायला आले. मंगलाने प्रवासासाठी पोळी-चटणी बांधून दिली. विलासने माझी पिशवी घेतली होती. आम्ही तिघं फुटपाथवर उभे होतो, ती दोघं माझ्या दोन बाजूंना.

"ताई, यायले सांगा," मंगला म्हणाली, "एकदा काय ते रागावून घ्या म्हणा. पन बोला."

मी विलासकडे पाहिलं.

"तिला सांग," तो समोरच्या वाहनांकडे बघत मला म्हणाला, "मी रागावलेलो नाही."

तिने ऐकलंच होतं. ती फक्त मान खाली घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

गाडी आली. मी चढले, खिडकी मिळाली. गाडी सुटायला वेळ लागत होता आणि ती दोघं पलीकडे जायला रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डंपर, बसगाड्या, मोटारसायकली, कुणी कुणाला वाट देत नव्हतं. जरा खंड पडला तशी मंगलाने झटकन विलासचा दंड धरला. विलास थांबला. त्याने तिची बोटं सोडवली, घाई न करता, एकेक करून, आणि तिचा हात तिच्या अंगाशी नेऊन ठेवला. मग तो एकटा रस्ता ओलांडून गेला, अगदी सरळ रेषेत. ती अलीकडेच राहिली. मध्ये गाड्या आल्या आणि माझी गाडी सुटली.